आडावरची हाक

कौलांवर पाऊस वाजतोय, त्याने तुम्हाला जाग येते. बाहेर अजून काळोख आहे. आज तुम्ही तीस वर्षांची एक बाई आहात. वाचणारा पुरुष असला तरी आजच्यापुरतं तसंच. पुण्यात, नारायण पेठेत, मुठेच्या काठापासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या वाड्यात तळमजल्याच्या दोन खोल्यांत तुमचं बिऱ्हाड आहे. नवरा, सासूबाई, आठ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा. पंचांगात ज्येष्ठ अमावास्या, इंग्रजी तारीख १२ जुलै १९६१, वार बुधवार. माउलींची पालखी काही दिवसांपूर्वीच शहरातून पुढे गेली. पावसाने बरेच दिवस उसंत दिलेली नाही, आणि दोरीवरचे कपडे तीन दिवस ओलेच आहेत.

तुमचा दिवस नळापासून सुरू होतो. चौकात नळ एक आणि बिऱ्हाडं सात. रात्री निजण्यापूर्वीच भांडी ओळीने लावून ठेवायची. आज तुमची घागर तिसरी आहे. पाणी यायच्या आधी नळ फुरफुरतो, थोडी हवा सोडतो, मग धार लागते. घागर भरत आली की आवाज बदलतो: आधी पोकळ, मग भरीव, गळ्याशी आलं की बारीक. काळोखातसुद्धा तुम्हाला कानाने कळतं, घागर कधी काढायची. दोन घागरी, चार कळश्या, एक पिंप. लग्न होऊन या घरात आल्यापासून अकरा वर्षं हेच चाललंय.

या वाड्यात पूर्वी आड होता. नळ आल्यावर कुणी आडाकडे बघेना, डास मात्र व्हायला लागले, म्हणून मालकांनी तो राडारोडा टाकून बुजवला. त्या जागेवर आता फरशी आहे आणि तिथे बिऱ्हाडकरूंच्या सायकली उभ्या राहतात. तुमच्या यजमानांची सायकलही तिथेच असते.

पाणी भरून झालं की बंब पेटवायचा. ढलप्या दमट आहेत. फुंकून फुंकून डोळ्यांत पाणी येतं, मग एकदाचा जाळ धरतो. स्टोव्हला पिन करायची, काकडा पेटवायचा, चहा ठेवायचा. गवळी ओल्या डोक्याने दाराशी येतो, माप टाकतो, वर एक धार घालतो. सासूबाईंची अंघोळ आधी, कारण त्यांचं सोवळ्याचं असतं. मुलीच्या दोन वेण्या, मुलाच्या चड्डीची तुटलेली गुंडी. साडेसातच्या सुमाराला तुम्ही परातीत कणीक मळत असता. हाताला कणीक, कपाळावर आलेली बट मनगटाने मागे सारलेली.

नेमक्या त्या वेळी, तिकडे पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर, आंबी नदीवरचं पानशेतचं धरण फुटलेलं असतं.

हे तुम्हाला ठाऊक नाही. शहरात कुणालाच नीटसं ठाऊक नाही. ते मातीचं धरण अजून पुरतं झालेलंच नव्हतं. त्याच पावसाळ्यात पाणी अडवायचं म्हणून काम घाईने रेटलं होतं. पाणी सोडायच्या वाटेचे दरवाजे धड बसलेले नव्हते, आणि त्या वाटेवरचा मातीचा भराव खचत चालला होता. लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत राहिले. त्यांनी धरण वाचवलं नाही, पण रात्र तेवढी काढून दिली. हेच पाणी पुण्यात मध्यरात्री शिरलं असतं तर काय झालं असतं, हा विचार आजही करवत नाही. त्या जवानांचं ऋण या शहराने पुरेसं मानलं आहे असं मला वाटत नाही.

पानशेतचं पाणी खाली आलं ते खडकवासल्याच्या तलावात. ते दगडी धरण एकोणिसाव्या शतकातलं, आणि मघाशी तुमच्या घागरीत पडलं ते पाणी त्याच तलावातलं.

साडेआठला यजमान डबा घेऊन निघतात. त्यांची कचेरी लकडी पुलापलीकडे, डेक्कनच्या बाजूला. "संध्याकाळी येताना रॉकेल बघतो," एवढं म्हणून ते पँटच्या पायाला क्लिप लावतात आणि बोळातून वळतात. मुलगी शाळेत जाते ती तासाभरात दप्तरासकट परत. शाळा सोडून दिली. का, ते तिला सांगता येत नाही. मग बोळातून एक माणूस सायकल दामटत जातो, एका हाताने घंटी वाजवत, आणि ओरडतो, "धरण फुटलंय! नदीकाठ सोडा!"

तुमचा पटकन विश्वास बसत नाही. कुणाचाच बसत नाही. वाड्यातली दोन पोरं तर पाणी बघायला पुलाकडे पळतात. शेजारच्या काकू म्हणतात, "पाणी चढेल ते पायऱ्यांपर्यंत, दरवर्षी चढतं." तुम्ही पोळी तव्यावर टाकता. ती उलटता उलटता न्हाणीघरातून एक आवाज येतो, हंड्यात फुगे सुटावेत तसा. जाऊन बघता तर मोरीच्या भोकातून काळं पाणी वर येतंय. सावकाश, न फेसाळता, जणू कुणी खालून ओतत आहे.

नदी आधी मोरीतून घरात आली. पूर बघितलेल्या माणसाला हे विचारा, तो हेच सांगेल.

त्यानंतर हिशेब राहत नाही. मुलगा कडेवर, मुलीचा हात घट्ट धरलेला, सासूबाईंच्या दंडाला धरून तुम्ही निघता. घाईत माणूस काय उचलतं? तुम्ही देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा उचलता, पितळेची, बोटभर उंचीची. लग्नात आईने दिलेली. आणि फळीवरचं रेशनकार्ड. बाकी सगळं तिथेच. स्टोव्ह तुम्ही विझवता, हे मात्र लक्षात राहतं. घर बुडायला निघालंय आणि तुम्ही स्टोव्हची किल्ली सैल करून हवा सोडता, कारण पेटता स्टोव्ह टाकून बाई घराबाहेर पडत नाही.

बोळात पाणी घोट्याला लागतं, लक्ष्मी रस्त्याकडे वळेपर्यंत पोटऱ्यांना. चढाच्या दिशेने सगळी पेठ चाललेली. कुणाच्या डोक्यावर गाठोडं, कुणाच्या हातात पोपटाचा पिंजरा, एका म्हाताऱ्याला दोघांनी खुर्चीत बसवून उचललेलं. मागे वळून बघायला कुणाला फुरसत नाही. दुपारी कळतं की खडकवासल्याची भिंतही गेली. लकडी पूल पाण्याखाली, नवा पूल पाण्याखाली, ओंकारेश्वराच्या देवळाभोवती समुद्र. तुमचे यजमान नदीच्या त्या काठाला, तुम्ही या काठाला, आणि मध्ये नुसता मातकट लोंढा. त्यात वासे, कणग्या, गुरं, पाळणे.

त्या रात्री तुम्ही एका शाळेच्या वर्गात बसून आहात. शहरात वीज नाही. अमावास्या असल्याने आभाळातही काही नाही. वर्गात एकच कंदील आहे, तो फळ्याखाली ठेवलाय, आणि फळ्यावर अजून कुठल्यातरी मास्तरांनी लिहिलेलं त्रैराशिक तसंच आहे. सासूबाई जप करतात. मुलगा झोपेत "पाणी, पाणी" म्हणतो. त्याला तहान लागलीय की भीती वाटतेय, तुम्हाला कळत नाही. पोरीने वेण्या सोडलेल्या नाहीत. ती विचारते, "बाबा कुठे असतील?" तुम्ही म्हणता, "त्यांना पोहता येतं." त्यांना पोहता येतं की नाही, हे तुम्ही अकरा वर्षांत कधी विचारलेलं नसतं.

तेरा तारखेला पहाटे तुम्ही सवयीने पाचला उठता. उठून बसता आणि मग लक्षात येतं, उठून करायचं काहीच नाही. घागर नाही, नळ नाही, बंब नाही. शाळेच्या आवारात तोटी आहे, ती फिरवता; नुसती हवा. खडकवासल्याचा तलावच रिकामा झाला, तर तोटीला कुठून यायचं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण सहज म्हणून जातो. त्या पहाटे अख्ख्या पुण्याला त्याचा अर्थ लागला. साऱ्या गावाचा आड एका दिवसात आटला होता.

आणि मग लोकांना खरे आड आठवले. अडीअडचणीला देव आठवावा तसे. सदाशिव, शुक्रवार, बुधवार पेठांतल्या ज्या वाड्यांनी ते बुजवले नव्हते, त्यांच्या दारात रांगा लागल्या. पेशवाईत, नानासाहेबांच्या वेळी, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी बांधीव भुयारी नळाने शहरात आणलं होतं. वाटेत जागोजागी हवेसाठी उसासे, आणि पेठापेठांतून हौद. काळा हौद, नाना हौद ही नावं पुणेकर रोज पत्ता सांगताना घेत, पण त्या हौदांत पाणी असतं हे त्यांच्या लेखी जुनं झालं होतं. दोनशेहून अधिक वर्षांचं जुनं हे काम त्या आठवड्यात शहराच्या उपयोगी पडलं.

तुम्हाला कुणीतरी सांगतं, वरच्या अंगाला, अमक्या बोळात एक वाडा आहे, तिथे आड आहे आणि कुणाला नाही म्हणत नाहीत. शाळेतल्या एका बाईंकडून उसनी कळशी घेऊन तुम्ही निघता. नऊवारीचा काठ चिखलाने कडक झालाय. पायात चपला नाहीत. त्या कुठे राहिल्या ते आठवत नाही.

दिंडी दरवाजातून आत गेलं की चौक, आणि चौकाच्या कोपऱ्यात काळ्या दगडाचा आड. पन्नास-साठ माणसं रांगेत. रहाटावर एकटी बाई ओढतेय. पदर खोचलेला, हात दंडापर्यंत ओले. पोहरा वर येतो, ती तो कठड्यावर टेकवते, एका हाताने तोल सांभाळून दुसऱ्याच्या भांड्यात ओतते, पुन्हा सोडते. दोर सरसर जातो, खाली धप्प होतं, ती दोराला हलका झटका देते, पोहरा कलंडून भरतो, मग पुन्हा ओढणं. तुम्ही रांगेत पुढे सरकत असता आणि तो झटका तुम्हाला ओळखीचा वाटतो. असाच झटका कुणीतरी लंगडी घालताना परकराला देत असे.

तुमची पाळी येते. तुम्ही कळशी पुढे करता. ती तुमच्या तोंडाकडे न बघता ओतायला लागते. कळशी भरत येते, आवाज बारीक होतो. मग ती वर बघते. पोहरा तिच्या हातात तसाच राहतो.

आणि ती तुम्हाला नावाने हाक मारते.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ती जागा मोकळी ठेवली आहे. तुमच्या आजीचं, पणजीचं जे माहेरचं नाव असेल, ते तिथे घाला. कारण लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यात सोन्याच्या अंगठीने नवऱ्याने तुमचं नवं नाव लिहिलं, ते अन्नपूर्णेसमोर वाचून दाखवलं, सगळ्यांना पेढे वाटले, आणि त्या दिवसापासून जुनं नाव या शहरात कुणी उच्चारलं नव्हतं. फक्त आई, ती होती तोवर, म्हणत असे. आई जाऊन सहा वर्षं झाली. सासूबाई "सूनबाई" म्हणतात, यजमान "अगं" म्हणतात, मुलं "आई" म्हणतात. वाड्यात तुम्ही अमक्यांच्या वहिनी आहात.

"अगं, तू?" ती म्हणते. "तू इथे कुठं?" आणि मग रांगेतल्या लोकांना, "जरा थांबा हं, ही माझी आहे."

ही माझी आहे. मैत्रीण हा शब्द तिला सुचतच नाही.

हुजूरपागेत तुम्ही दोघी एका बाकावर बसत होता. सात वर्षं. ती गणितात पुढे, तुम्ही निबंधात. मधल्या सुट्टीत तिच्या डब्यातली गूळपोळी तुमची, आणि तुमच्या डब्यातलं लिंबाचं लोणचं तिचं. १९४८ साली दोघी मॅट्रिक झालात. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं, त्याच्या पुढच्या वर्षी तुमचं. तुम्ही तिच्या लग्नाला गेला होता. अंतरपाटापाशी गर्दीत तिचं तोंड नीट दिसलंही नाही. नागपूरकडचं स्थळ, एवढंच कळलं होतं. मग तिचं आडनाव बदललं, नावही बदललं. तुमचंही. दोघींनी एकमेकींना शोधायचं म्हटलं असतं तरी कोणत्या नावाने शोधायचं? टपालवाल्याला काय सांगायचं?

एकदा, चार-पाच वर्षांपूर्वी, तुळशीबागेत गर्दीपलीकडे एक पाठमोरी बाई दिसली होती. मान तिरकी करून बांगड्या बघणारी. तुम्ही दोन पावलं पुढे गेलात. बरोबर सासूबाई होत्या. भर बाजारात मोठ्याने हाक मारायची रीत नव्हती, आणि मारायची तर कोणत्या नावाने? माहेरच्या नावाने मारली आणि ती दुसरीच कुणी निघाली तर? तेवढ्यात ती गर्दीत मिसळली. रात्री निजताना तुम्ही मनाशी म्हणालात, ती नव्हतीच.

"तुळशीबागेत मीच होते," आडाशी उभी राहून ती सांगते. "ह्यांची बदली पुण्याला झाली त्याला आठ वर्षं झाली. मला वाटलं तुला मुंबईला दिलं."

आठ वर्षं. दोघींच्या घरांमध्ये चालत वीस मिनिटांचं अंतर.

ती तुमच्या पायांकडे बघते, मग कळशीकडे, आणि काही न विचारता रहाटाचा दोर शेजारच्या मुलाच्या हाती देऊन तुम्हाला आत नेते. ओसरीवर बसवते. गूळ आणि पाणी पुढे ठेवते. आडाचं पाणी जरा जड असतं, किंचित खारट लागतं. तुम्ही तांब्या तोंडाला लावून सगळं एका दमात पिता आणि मग रडता. काल दुपारपासून तुम्ही रडलेल्या नव्हत्या. मुलं बघत होती.

दुपारी ती तुमच्या सासूबाईंना आणि मुलांना शाळेतून घरी घेऊन येते. संध्याकाळी यजमान सापडतात. लांबचा वळसा घालून, अर्धं शहर पायी पालथं घालून, शाळांशाळांतून विचारत आलेले. डोळे खोल गेलेले. सायकल कुठे गेली ते त्यांनाही सांगता येत नाही. पोरगी त्यांना विचारते, "बाबा, तुम्हाला पोहता येतं?" ते म्हणतात, "नाही गं."

तिसऱ्या दिवशी तुम्ही घर बघायला जाता. मैत्रीण बरोबर येते, तुम्ही नको म्हणत असताना. पेठेत वास आहे, तो कशासारखा म्हणून सांगू? भिजलेलं धान्य, नदीचा गाळ, रॉकेल, मेलेलं जनावर, सगळं एकात. पाणी चढताना वाडे उभे होते, पाणी ओसरताना ते बसले. मातीच्या भिंती आतून विरघळल्या आणि वरचं ओझं त्यांना पेलवलं नाही. तुमच्या वाड्याची मागची बाजू गेलीय. तुमची पुढची खोली उभी आहे, तिच्यात गुडघाभर गाळ. परात तिथेच सापडते, आणि तिच्यात तुमची कणीक, फुगून, आंबून, वर चिखलाचा थर.

खाटेखालची पत्र्याची ट्रंक दोघी मिळून ओढून काढता. आत शालू आहे, त्याचा रंग सगळ्या कपड्यांना लागलेला. लग्नाचा फोटो आहे, त्यातले दोघांचेही चेहरे वाहून गेलेले. आणि तळाशी घडी घातलेलं मॅट्रिकचं प्रमाणपत्र. छापील अक्षरं तशीच आहेत. हाताने लिहिलेलं नाव होतं तिथे निळा डाग आहे.

तो कागद धरून तुम्ही उभ्या राहता. तुमचं ते नाव लिहिलेलं एवढं एकच होतं. ती तुमच्या हातातून कागद घेते, पदराने गाळ टिपते आणि तुमचं संपूर्ण नाव मोठ्याने म्हणते. तुमचं, तुमच्या वडिलांचं, माहेरचं आडनाव. शाळेत हजेरी घेताना बाई म्हणत तसं. तुम्हीही नकळत म्हणता, "हजर."

सव्वा महिना तुम्ही तिच्या वाड्याच्या ओसरीवर राहता. पुन्हा एक सकाळ लागते, पण वेगळी. चारला उठायचं. आता दोघी रहाटावर. एकीने ओढायचं, दुसरीने ओतायचं, वीस पोहरे झाले की जागा बदलायची. सात वर्षं आणि मग मधली तेरा, असं सगळं बोलणं त्या पोहऱ्यांच्या हिशेबात होतं. तिची पहिली मुलगी गेली, हे ती तुम्हाला चौदाव्या पोहऱ्याला सांगते आणि पंधरावा सोडते. तुम्ही काही बोलत नाही. तिच्या हातातला दोर घेता.

या आडाची एक गोष्ट लपवावी असं मला वाटत नाही. पहिल्या दिवशी ती एकटीच का ओढत होती, हे तुम्हाला दोन दिवसांनी कळतं. तिच्या सासूबाईंनी अट घातली होती: पाणी सगळ्यांना द्या, पण दोराला परक्याचा हात लागता कामा नये. कोण कुठल्या जातीचं, कोण विचारत बसणार? म्हणून ती पहाटेपासून एकटी शेकड्यांनी पोहरे काढत होती, कारण रांगेतल्या कुणाला "तू शिवू नकोस" म्हणायला तिची जीभ वळली नाही. तुम्हाला आत नेताना तिने दोर शेजारच्या ज्या मुलाच्या हाती दिला, तो मुलगा कोण, कुठला, तिने विचारलं नव्हतं. त्यानंतर म्हाताऱ्या बाई दोन दिवस ओसरीत पाठ करून बसल्या. तिसऱ्या दिवशी बाहेर आल्या, रांगेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तिच्या हातांना फोड आलेत. ओढा रे कुणीतरी." आड तोच होता, पण त्या सकाळपासून तो सगळ्यांचा झाला. निदान नळ सुरू होईपर्यंत. त्यानंतरचं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

पुढचं थोडक्यात. नव्या महाराष्ट्र राज्याला तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने पुण्याच्या पुनर्वसनाची जबाबदारी स. गो. बर्वे यांच्याकडे दिली. अर्धगोल पत्र्याच्या निसन हट उभ्या राहिल्या, मग पूरग्रस्तांच्या वसाहती. लोकमान्यनगर, सहकारनगर, गोखलेनगर ही नावं त्या पुराने या शहराला दिली. तुम्हाला गोखलेनगरात जागा मिळते. तिथे स्वतःचा नळ आहे, घरात. पहिल्या सकाळी तुम्ही तो सोडता, धार बघत उभ्या राहता आणि शेजारी बोलायला कुणी नाही हे जाणवतं. त्या आठवड्यातच तुम्ही बसने सदाशिव पेठेत तिच्याकडे जाता, आणि मग जातच राहता. काही कारण काढून जायचं दोघींनी सोडून दिलेलं असतं. दारातून ती हाक मारते, त्याच नावाने. तुमची नातवंडं पहिल्यांदा ते नाव ऐकतात तेव्हा विचारतात, "आजी, ती कुणाला हाक मारतेय?"

आता परत या. पुण्यात राहत असाल, तर तुमच्या स्वयंपाकघरात तोटी उघडली की पाणी येतं, ते पुन्हा बांधलेल्या पानशेतचं आणि खडकवासल्याचं असतं. नारायण, शनिवार पेठांत काही भिंतींवर पुराच्या पातळीची खूण अजून दिसते, डोक्याच्या कितीतरी वर. वाडे पडतायत, तिथे इमारती उठतायत, आणि उरलेले आड वाहनतळाच्या काँक्रीटखाली जातायत. तुमच्या वाड्यात आड असेल आणि इमारत बांधायला निघाला असाल, तर तो बुजवू नका. जाळी टाका, झाकण घाला, पण राहू द्या.

आणि घरात ऐंशी-नव्वदीची कुणी असेल, तर तिला आज तिचं माहेरचं नाव विचारा. त्या नावाने तिला हाक मारणारी कोण होती तेही विचारा, आणि ती असेल तर तिचा फोन नंबर मिळवून द्या.